आपलं अंग, आपली सही आणि सरकार



या महिन्याचा पाठ बचतीचा नाही, कर्जाचाही नाही. आरोग्याचा आहे, पण गोळ्या-औषधांचा नव्हे. एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोलावं, अशा बेताने तो लिहिला आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठका घ्या.

आरोग्याचा विषय निघाला की गटात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सरकारला काय करायचंय? आमचं अंग, आमची लेकरं, आम्ही बघू." दुसरं, "सरकार आहे कुठं? दवाखान्यात डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत, रात्री गाडी मिळत नाही." गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकच बाई एकाच बैठकीत बोलते. आणि दोन्ही वेळा ती खोटं बोलत नसते.

मग सरकारने आपल्या आयुष्यात किती यावं? हा प्रश्न वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी सोडवायचा आहे असं आपण धरून चालतो. पण लस घेताना, बाळंतपणानंतर तांबी बसवताना, नसबंदीच्या ऑपरेशनला नाव देताना, डॉक्टर "पिशवी काढून टाका" म्हणतात तेव्हा, अगदी सरपंचपदाचा अर्ज भरतानाही तो आपल्यासमोरच येऊन उभा राहतो.

साथ आली तेव्हा

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि काही महिन्यांत ती पुण्यात पोहोचली. इंग्रज सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेग आवरण्याचं काम रँड नावाच्या अधिकाऱ्याकडे दिलं आणि त्याने गोरे सोल्जर घरोघर घुसवले. ते बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. संशय आला की माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत आणि सामान जाळायला बाहेर. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासत. लोक इतके धास्तावले की आजारी माणूस लपवू लागले. रोग्याला लपवलं की साथ वाढणारच. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत.

त्याच साथीतली दुसरी गोष्टही आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ती पहिलीच्या शेजारी ठेवून बघत नाही. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र यशवंतराव डॉक्टर होते. त्यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी शोधून तिथे आणत. आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

रोग तोच, वर्ष तेच. रोग्याला वेगळं ठेवणं, दवाखान्यात नेणं ही कामंही तीच होती. एकीकडे लोकांनी दारं लावून घेतली आणि दुसरीकडे लेकरू हातात दिलं. प्लेगची लस काढणारे डॉ. हाफकिन यांनीही मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग दुसऱ्यांना दिली. लोकांचा विश्वास मिळवायचा हाही एक रस्ता.

तर पहिली गोष्ट अशी: जो रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे "माझं मी बघीन" हे पुरेसं नाही. माझा खोकला शेजारणीच्या बाळाला लागतो. तिथे सरकारला यायचा हक्क आहे; नव्हे, आलं नाही तर आपणच बोंब मारतो. पण यायचं कसं, याला मर्यादा आहे. कोरोनाच्या लसीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी हेच सांगितलं. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, कोणालाही लस टोचून घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. मात्र सगळ्यांच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, आणि ती बंधनं धोक्याच्या मानाने योग्य असली पाहिजेत.

क्षयरोगाचं उदाहरण बघा. टीबीचा रोगी सापडला तर खासगी डॉक्टरलाही सरकारला कळवावं लागतं. इथे रोग्याचं गुपित थोडं उघडं होतं. त्या बदल्यात औषध मोफत मिळतं आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात (पूर्वी ५०० होते). पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार खरी आहे. तरी ही पद्धत मला रँडपेक्षा सावित्रीबाईंच्या जवळची वाटते.

पण मूल होणं ही साथ नाही

आता अवघड भाग. आपल्या देशाने १९५२ साली कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. जगात असं करणारे आपण पहिल्यांपैकी. त्याचा फायदा आपल्याला झालाच. आपल्या आजीची आठ-दहा बाळंतपणं झाली, आपली दोन. यात सरकारी दवाखान्याचा वाटा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात या कार्यक्रमाने वेगळंच रूप घेतलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीची ऑपरेशनं झाली. त्यात बहुतेक पुरुष होते. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना "इतक्या केसेस आणा" म्हणून आकडे ठरवून दिले. कुठे नोकरी अडवली, कुठे परवाना अडवला, कुठे पोलीस घेऊन गेले. आणि हे फक्त उत्तरेकडे झालं असं समजू नका. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही आणि आणीबाणी उठली, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. एवढ्या थोडक्यात ते वाचलं.

पुढे निवडणुकीत लोकांनी राग काढला. पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायलाही पुढारी घाबरू लागले. मग सगळा कार्यक्रम कोणाच्या अंगावर आला? आपल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३८ टक्के बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास निम्मं आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं असतं, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. तरी घरात विषय निघाला की "त्यांना कामं असतात, ताकद जाईल" आणि बाई गाडीत बसते. (ताकद जात नाही. हे वाक्य वाचणारीने दोनदा मोठ्याने वाचावं, दाराबाहेर ऐकू गेलं तरी चालेल.)

इथे थांबा आणि बोला: तुमच्या गटात कितीजणींचं ऑपरेशन झालं? कितीजणींच्या मालकांचं?

आकडा गाठायची घाई झाली की माणूस दिसेनासा होतो. बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत शिबिर झालं. एका डॉक्टरने दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं केली, तीही बॅटरीच्या उजेडात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं झाली. त्या आणि आसपासच्या शिबिरांतल्या १३ बायका दगावल्या. सगळ्या आपल्यासारख्याच मजुरी करणाऱ्या घरातल्या, लहान लेकरांच्या आया.

अररियाच्या शिबिराविरुद्ध देविका बिस्वास नावाच्या आरोग्य कार्यकर्तीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. १४ सप्टेंबर २०१६ ला निकाल लागला. तो आपल्या कामाचा आहे, म्हणून सावकाश वाचा. न्यायालय म्हणालं, नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा. केसेसचे आकडे ठरवून देऊ नका, कारण त्यातून जबरदस्ती होते. ऑपरेशनआधी सगळी माहिती बाईला कळेल अशा भाषेत समजावून सांगा. आणि सांगितल्यावर लगेच टेबलावर घेऊ नका. तासभर तरी विचाराला वेळ द्या, म्हणजे मन बदललं तर तिला परत जाता येईल.

मन बदललं तर परत जाता येईल! आपल्यापैकी कितीजणींना ऑपरेशनच्या दिवशी हे कोणी सांगितलं होतं?

आणखी दोन नियम माहीत असू द्या. सरकारच्याच नियमाप्रमाणे ऑपरेशन करून घेणारी बाई २२ ते ४९ वयाची असावी आणि तिला किमान एक मूल असावं, तेही एक वर्षाच्या वरचं. आणि नवऱ्याची सही लागत नाही. दवाखान्यात "मालकांना घेऊन या" म्हणतात तो रिवाज आहे, नियम नाही. ऑपरेशन फसलं, दिवस राहिले किंवा काही बिघाड झाला, तर सरकारी भरपाईची योजना आहे. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि नसबंदीचा दाखला जपून ठेवा. गटाच्या पासबुकाच्या पिशवीत ठेवलात तरी चालेल, पण ठेवा.

दोन मुलांची अट

आपल्या राज्यात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. निवडून आलेलीचं पदही जातं. आपल्या गटांतून बऱ्याच जणी सदस्य, सरपंच झाल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणाचा असाच कायदा वैध ठरवला. पुढे हरियाणानेच तो मागे घेतला. हिमाचल आणि मध्य प्रदेशानेही घेतला, २०२४ मध्ये आंध्रनेही. आपल्याकडे अट अजून आहे.

गटात याबद्दल दोन तट पडतील. "बरं झालं, नाहीतर लोक ऐकतच नाहीत," असं म्हणणाऱ्या पुष्कळ सख्या आहेत आणि त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. माझं मत मात्र अटीच्या विरुद्ध आहे. तिसरं मूल होऊ द्यायचं की नाही हे ज्या घरात सुनेच्या हातात नसतं, त्या घरात मुलगा हवा म्हणून तिला तिसऱ्या बाळंतपणाला बसवतात आणि पद जातं ते तिचं. नाहीतर दुसऱ्या खेपेला चोरून तपासणी करून मुलगी नको म्हणतात. म्हणजे सरकारने बोट दाखवलं कुटुंबाकडे आणि फटका बसला बाईला.

मग तुम्ही विचाराल, गर्भलिंग तपासणीला बंदी आहे, तीसुद्धा सरकारची ढवळाढवळच ना? आहे. आणि मला ती हवी आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. फरक कुठे आहे ते बघा. हा कायदा मशीनवाल्या डॉक्टरला पकडतो, तपासणीची जाहिरात करणाऱ्याला पकडतो, नवऱ्याला आणि सासरच्यांना पकडतो. बाईवर घरच्यांनी दबाव आणला असणार, असं तो धरूनच चालतो. तसं नव्हतं हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं. आपल्या घरांची नाडी ज्याला कळते त्यानेच हे कलम लिहिलं असणार.

पिशवीचा प्रश्न

आता जिथे सरकार नव्हतंच, तिथे काय झालं ते बघू. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. गावाकडे आल्यावर खासगी डॉक्टर सोनोग्राफी करून सांगतो, "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल." बाई विचार करते: लेकरं झाली आहेत, पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल. आणि पिशवी काढते. पैसे? पुन्हा उचल.

२०१९ साली हे बाहेर आलं तेव्हा राज्य सरकारने पाहणी केली. बीडमधल्या ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यात तिशीच्या आतल्यासुद्धा होत्या.

कोणी त्यांना पकडून नेलं नव्हतं. कागदावर त्यांनीच अंगठा दिला होता. मग ही त्यांची स्वतःची निवड म्हणायची का? खाड्याची भीती, कॅन्सरची भीती आणि अपुरी माहिती, या तिघांनी मिळून दिलेल्या अंगठ्याला मी तरी निवड म्हणणार नाही. अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधांनी बरं होतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रात होते. तिशीनंतर ती करून घ्यावी. आणि तरुणपणी पिशवी काढली, विशेषतः बीजकोशही काढले, तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात. हे त्या बायकांना नंतर कळलं, ऊस उचलताना.

यावर बीडच्या प्रशासनाने नियम केला की खासगी दवाखान्यात पिशवी काढायची असेल तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. नफ्यासाठी होणारी ऑपरेशनं याने रोखता येतात. पण दुसरी बाजूही ऐका. जिला खरोखर गाठ आहे, रक्त थांबत नाही, तिने परवानगीच्या कागदासाठी जिल्ह्याला किती खेपा घालायच्या? आपल्याच अंगाच्या ऑपरेशनला साहेबाची सही का? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला वाटतं, असा लगाम डॉक्टरला हवा, आणि तातडीच्या वेळी तो आड येता कामा नये. पण नुसत्या परवानगीने भागणार नाही. खाडा, उचल आणि फडातला संडास यांत सरकार शिरलं नाही तर बाईचं दुखणं तिथेच राहतं, फक्त ऑपरेशन दुसऱ्या जिल्ह्यात होतं.

इथेही थांबून बोला. तुमच्या गावात कोणाची पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला गट तिच्याबरोबर जाईल का? त्या खेपेपुरतं गटातून कर्ज देता येईल का?

कागद कोणाच्या हातात

दिल्लीतली एक गोष्ट सांगते. ४४ वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. भूल देऊन दुर्बिणीने आत बघायचं होतं. ती भुलीत असतानाच डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि पिशवी आणि बीजकोश काढून टाकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली न्यायालयाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती तिची होत नाही, आणि तपासणीची संमती ऑपरेशनची होत नाही. भरपाई २५ हजारच मिळाली, पण नियम सगळ्यांसाठी पक्का झाला.

आपल्याकडे आईच्या जागी नवरा, सासू नाहीतर दीर असतो. बाई स्ट्रेचरवर आणि कागद बाहेर फिरतोय, हे दृश्य आपल्याला नवं नाही. तांबीचंही तसंच. बाळंतपण झाल्याबरोबर, न विचारता बसवली आणि घरी गेल्यावर कळलं, असं कोणाच्या बाबतीत झालं असेल तर ते चूक आहे. तांबी चांगली की वाईट हा प्रश्नच वेगळा. कळांच्या भरात विचारलेलं विचारणं नव्हे. गरोदरपणाच्या तपासणीतच विचारायला हवं.

गर्भपाताबद्दलही एवढं लक्षात ठेवा. १९७१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितींत दोघांचं. बिनलग्नाच्या बाईलाही हाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरीसुद्धा शेवटचा शब्द डॉक्टरचा आहे, बाईचा नाही, हेही नजरेआड करू नका.

कोणताही कागद पुढे आला की तो काय आहे ते विचारा, न वाचता येणारीने वाचून घ्या. औषधाने होणार नाही का, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, काय काय काढणार, खर्च किती, हे तोंडाने विचारा. केसपेपर आणि रिपोर्ट मागा. मागितल्यावर डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात. खासगी दवाखान्यात रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावलेलं असायला हवं. नसेल तर तेही विचारा. आणि एकटीने जाऊ नका. बरोबर गटातली एक सखी असली की डॉक्टरही जरा सविस्तर बोलतात, हा अनुभव आहे.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. येताना नसबंदीच्या आणि तांबीच्या संमतीपत्राचा कोरा नमुना घेऊन यायला सांगा. आशाताईंवर राग काढायचा नाही. वरून दबाव येतो तो त्यांच्यावरही येतो, आणि त्याही आपल्यातल्याच आहेत. संमतीपत्र ओळ न ओळ वाचा. कळत नाही त्या शब्दाखाली रेघ मारा. ते मराठीत नसेल, किंवा "मला विचाराला वेळ दिला" असं काही त्यात दिसत नसेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर वैद्यकीय अधिकाऱ्यांची पोच घ्यायला विसरू नका.